मघाचं

पाणी किती फुटांवर, एवढंच सांगणारं पान.
मी लिहिलेलं, विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर.
एरवी दिवसाला चाळीस माणसं उघडायची,
त्यातला दोनदा मी.

त्या रात्री सव्वा लाख.
प्रत्येकासाठी सर्व्हर खाली उतरणार, वही उघडणार,
नव्यानं पान रचून वर आणणार:
तोच आकडा, तीच ओळ, तोच निळा रंग.
साडेअकराला धापा टाकायला लागला. मग बसला.

म्हटलं, एकदा रचलेलं ठेवू की.
भडंगवाला चुरमुरे परतून डबा भरून ठेवतो,
गिऱ्हाइकागणिक कढई चढवत नाही.
एक ओळ लिहिली. कॅश, पंधरा मिनिटं.
सर्व्हर उठला, शहाण्यासारखा वागू लागला.
मी चहा टाकला.

बाराला फोन. कर्नाळ रोडवरून, सुलभा आवटी,
नंबर कुठून मिळाला कोण जाणे.
"पाणी थांबलंय न्हवं? तुमच्यात मघापासनं
एकोणचाळीसच दिसतंय."
मग जरा वेळानं,
"आमच्यात तिसरी पायरी गेली."

पंधरा मिनिटं
चुरमुऱ्यांना चालतात. कांद्याला नाही.
कांदा ज्याचा त्याला, त्याच्यासमोर चिरायचा,
हे गाड्यापाशी उभं राहून
किती वेळा बघितलं होतं मी.

"पाणी नाही थांबलं, पान थांबलंय. तुम्ही निघा."
त्यांना कळलं नसावं. निघाल्या मात्र.

मग पुलावर बाबालाल मुजावरांना लावला.
मोजपट्टीवर बॅटरी मारून आकडा पाठवणारे तेच.
वारा, पाऊस, कुणाची तरी म्हैस रेकत होती.
काका, किती?
"बघून सांगतो."
आत्ताच तर पाठवलात.
"ते मघाचं."

चपला वाजत लांब गेल्या.
मी फोन कानाला लावून तसाच.

उजाडेपर्यंत पुन्हा लिहिलं.
चौकट, नकाशा, मदतीचे नंबर: डब्यात, खुशाल दिवसभर.
आकडा मात्र, मुजावरांचा नवा आला
की जुना तिथल्या तिथं पुसायचा,
घड्याळाला विचारायचं नाही.
खाली बारीक अक्षरात, कधी बघितला, कुणी.

आता जानेवारी. परत चाळीस माणसं.
नदी आठ फुटांवर, चार दिवस हललेली नाही.
कुणी विचारत नाही, कुणाला पडलेली नाही,
तरी आठच्या खाली रोज नवी वेळ.
आज: सकाळी सहा पन्नास, बा. मुजावर.