दोरी

कॅसेटला बुरशी आली होती.
भद्रकालीतल्या बागुलांनी ती कापसाने पुसली,
पेन ड्राइव्हवर उतरवून दिली. म्हणाले,
"मध्ये मध्ये मुंग्या येतील."

आल्या. मुंग्यांतून उतरलं शुक्रावरचं यान:
इडलीपात्रावर पालथं इडलीपात्र,
आणि वर, ढळढळीत, नायलॉनची दोरी.
राक्षसाच्या पाठीला चेन.
सेनापतीचं बोलणं संपलं
तरी ओठ हलतच राहिले.

सिडकोत, भाड्याच्या व्हीसीआरपुढे,
रेवती तेव्हाच ओरडली होती, "दोरी दिसतेय!"
आठवडाभर मी तिच्याशी बोललो नव्हतो.
ओझरहून उडालेलं एकेक विमान मात्र
मान मोडेस्तोवर तपासत होतो.

रात्री तिला फोन केला.
"तुझं बरोबर होतं."
"कशाचं?"
सांगितलं. ती खूप वेळ हसली.
"अरे, मी कुठे बघितला तो सिनेमा?
मी तर उशीत तोंड घालून होते.
म्हटलं, दोरी असली
तर जरा कमी भीती वाटेल."

मी परत मागे नेलं.
यान उतरतंय, तिरकं, गिरक्या घेत.
वर कोपऱ्यात, क्षणभरच,
दोरी धरणारा हात.
मनगटावर घड्याळ.
पावणेपाच वाजलेत बहुतेक.