समोरचं दुकान

तुझं शटर दहाला उघडायचं,
माझं पावणेदहाला.
पंधरा मिनिटांची ही आघाडी
एकोणचाळीस वर्षं घेतली मी,
तरी गिऱ्हाईक माझ्याच पायरीवर बसून
तुझी वाट बघायचं.

बसवंत शेटे : खिळे, बिजागऱ्या, दोरखंड, रंग.
रशीद मुजावर : खिळे, बिजागऱ्या, दोरखंड, रंग.
मध्ये पाटणचा चौदा पावलांचा रस्ता,
आणि एसटी वळताना उडणारी धूळ.
ती मात्र दोघांना सारखी.

(आयुष्यभर अहो-जाहो केलं.
आता एकेरीवर येतोय, राग मानू नकोस.)

बुधवारी तुझ्या फळीवर खडूनं लिहिलेलं असायचं,
'मालक डोंगरात आहे. घाई असेल तर समोर.'
बुधवारी माझा गल्ला भरायचा.
मी म्हणायचो, काय येडं माणूस,
धंदा टाकून दातेगडावर जातंय
आणि विहिरीच्या पायऱ्या मोजतंय.

मे महिन्यात रंगाच्या रिकाम्या डब्यांना
डाख देऊन तू ते हवाबंद करायचास,
पोरांच्या पाठीला सुतळीनं बांधायचास
आणि कोयनेच्या डोहात ढकलायचास एकेकाला.
पहिले चार दिवस मोठा डबा,
मग अर्ध्या लिटरचा,
मग एका सकाळी डबाच नाही
आणि पोराला त्याचा पत्ताच नाही.
माझ्या थोरल्याला मी माझ्या दुकानातला डबा दिला
तर म्हणाला, ह्यानं बुडंल.
अनीसा काठावर रडत उभी होती, कपडे भिजतील म्हणून.
तू गळाभर पाण्यातून ओरडलास,
"वाळत्यात की गं! कापडच हाय ते!"
आता ती मिरजेला नर्स आहे.
परवा फोनवर कितीतरी वेळ काही बोललीच नाही.

गेलास तो काही कड्यावरून नाही.
भर दुपारी, गल्ल्यामागं, स्टुलावर.
मी पोचलो तेव्हा तराजूत
पाव किलो खिळे अर्धेच पडले होते.
डॉक्टर येऊन गेले, माणसं जमली.
गिऱ्हाईक बिचारं कोपऱ्यात उभं,
म्हणालं, राहू दे आता.
मी उरलेले तोलले, पुडी बांधली,
पैसे तुझ्या गल्ल्यात टाकले.
दुसरं काय करावं सुचेना.

तेराव्यानंतर तुझी लेक वह्या घेऊन आली,
"काका, तेवढी उधारी काढून द्या."
पुढून उधारी. अर्ध्या गावाची, माहीतच होतं.
वही उलटी केली तर मागून निराळाच हिशोब :

दातेगड. विहिरीत पाणी सतरा पायऱ्या खाली. गेल्या चैत्रात बारा.
केऱ्याच्या काठी पाणमांजर, पिलं दोन. कुणाला सांगितलं नाही.
मोरगिरीच्या वाटेवर अस्वलाची लीद, सगळ्या जांभळाच्या बिया.
कारवी फुलली. पुढची सात वर्षांनी. गुडघे राहिले तर.

आणि मधेच कुठंतरी,
शाईवर पाण्याचा थेंब पडलेला :

मुजावरांकडं दोरखंड संपलाय. मागायचे नाहीत.
पोऱ्याबरोबर दोन रिळं धाडली. चुकून आली म्हणून सांग म्हटलं.

आठवलं मला.
बिल आलंच नव्हतं त्या रिळांचं,
आणि मी महिनाभर खुशीत होतो
की शेट्याला कसा गंडवला.

काल एकानं चार इंची बिजागरी मागितली.
माझ्याकडं होती, हाताशीच होती.
तोंडातून गेलं, समोर बघा.
तो वळला, बंद शटर बघून परत माझ्याकडं वळला.
दोघंही गप्प.

आज बुधवार.
खडू तुझ्याच फळीवरून उचललाय,
घामानं ओला झालाय मुठीत.
मला चढ सोसत नाही, पोहता तर येतच नाही,
वयाची अडुसष्ट.
पण तुझ्या शेवटच्या नोंदीखाली
पाऊण पान कोरं आहे,
आणि पाणी यंदा किती पायऱ्या खाली गेलंय
ते कुणीतरी जाऊन बघायला पाहिजे.