दोन्ही अंगांना सारखे पट्टे

जहाजावरून सुट्टीला आले ती नकाशा गुंडाळून घेऊन.
एका कडेला डिझेलचा डाग.
नायनांनी तो फरशीवर अंथरला, चार कोपऱ्यांवर
हाताला लागेल ते ठेवलं:
अडकित्ता, चष्म्याचं घर, शेंगाचटणीची बरणी,
चौथ्यावर अम्मानं विडीची पानं कापायची कात्री दिली,
'लवकर द्या' म्हणून.

हा अरबी समुद्र, मी म्हटलं. साडेतीन हजार मीटर पाणी,
त्याखाली सिंधूनं टाकलेला गाळ, किलोमीटरच्या वर,
आणि गाळाखाली हे खोरं.
नाव लक्ष्मी.
'गिरणीचं?' नायना म्हणाले,
आणि आजोबांचा बिल्ला नंबर पुटपुटले. अजून पाठ आहे.

मग पट्टे समजावले.
खडक थिजला तेव्हा उत्तर जिथं होती
तिथं त्याच्यातल्या बारीक सुया वळून बसल्या.
पृथ्वीचं चुंबक मधेच उलटतं. पुढचा खडक उलटा थिजतो.
काळा पट्टा, पांढरा पट्टा,
मधल्या भेगेतून निघून अर्धा इकडे, अर्धा तिकडे.

त्यांनी चाळीस वर्षं जेकार्डचे पत्ते कापले.
भोक असेल तर दोरा वर, नसेल तर खाली,
याहून जास्त त्यांना कुणी काही शिकवलं नाही.
'मधून घडी घाल,' म्हणाले. घातली.
पट्ट्यावर पट्टा बसला.
'चादर आहे की गे ही.'
बोट फिरवत एका जागी थांबले:
'इथं पत्ता घसरलाय.'
आम्ही त्याला भ्रंश म्हणतो.
पुढे डिझेलच्या डागावरही तेच म्हणाले,
तेव्हा मी हसले, तेही हसले.

'आता मधे कोण विणतंय?'
कुणी नाही. सहा कोटी वर्षं झाली.
इथली भेग विझली, पलीकडे दुसरी उघडली,
सेशेल्स घेऊन गेली.
'म्हणजे काम हलवलं.'
हो.
'का?'
यावर वाद आहे, नायना.
काहींच्या मते हे खोरं समुद्राचंच नाही,
जमीनच ताणली जाऊन खाली बसलीय.
अम्मा सुपातून मान न उचलता म्हणाली,
'ताणल्यावर पातळ होणारच.'
जनगणनेवाला आला होता तेव्हा मातृभाषेच्या रकान्याशी
त्याचं पेन असंच थांबलं होतं.
चार पिढ्या सोलापुरात. घरात तेलुगू, भांडण मराठीत.
अम्मानं त्याला चहा दिला होता.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.
पहाटे साडेतीनला छिद्रातून नळी वर आली,
गाळ संपून पहिल्यांदा खडक लागला होता.
काळा, ओला, बारीक फुगे थिजलेले.
सगळे टाळ्या वाजवत होते
आणि मला आमच्या मोरीतला धुण्याचा दगड दिसला,
अम्माच्या हातानं मधे खोलगट झालेला.
तोच खडक. त्याच उकळीचा, कदाचित.
टाळी वाजवायला हात उशिरा उठले.

किल्लारीच्या रात्रीही आम्हाला उशिरा कळलं.
माग चालू होते, भिंती रोजच थरथरायच्या.
फळीवरची भांडी पडली तेव्हा नायना ओरडले,
'कुणी बंद करा रे तो साचा!'
साचा बंद केला. जमीन हलतच होती.

ते माग आता नाहीत. किलोच्या भावानं गेले.
खाली मोबाईलच्या कव्हरांचं गोदाम आहे.

निघताना नकाशा मागून घेतला त्यांनी.
अम्मा फोनवर सांगते, आलेख-कागद आणलाय,
चौकटी भरत बसतात, दुपारी जेवायला उठत नाहीत.
कुठल्या मागावर चढवणार, विचारलं
तर कानाला ऐकू येत नाही म्हणतात.

काल रात्री जहाजावर उपग्रहाचा फोन लागला.
आवाज तुटत होता. मधे नुसतं पाणी.
नायनांना एकच विचारायचं होतं:
'तो डाग धरू, की सोडू?'