शेवटची गुलाबी

काकऱ्याचा माझा बापूस
शिशाच्या गोळ्याला साबण फासून पाण्यात सोडायचा,
वर ओढून, चिकटलेला चिखल बोटांत चोळायचा
आणि सांगायचा, आपण कुठे आहोत.
मी दोनापावलच्या टेकडीवर, थंड खोलीत,
तसल्याच चिखलावरून सांगते
आपण कधी आहोत.

नळीतला गाळ सेंटिमीटरने कापायचा,
चाळणीवर धुवायचा, वाळवायचा.
उरते चिमूटभर रवाळ पूड.
भिंगाखाली तिचे फुगे होतात,
कप्प्याला कप्पा चिकटलेली घरे,
भाडेकरू केव्हाच गेलेले.
तीन केसांचा ब्रश ओला करून
एकेक उचलायचे, काळ्या तबकात बसवायचे.
नमुन्यामागे तीनशे.
एकदा एव्हारिस्त शिंकला,
सगळे तबक मांडावे लागले नव्याने.

चारशे बारापर्यंत सगळे पांढरेच.
चारशे तेराला एक गुलाबी.
चौदाला अकरा.
पंधराला मी मोजायचे विसरले.
कोळंबीच्या सालीचा फिका रंग,
एक लाख वीस हजार वर्षे अंधारात,
तरी न विटलेला.

लक्षद्वीपकडच्या नळीत ती
दोनशे सत्तरलाच भेटते.
तिथे गाळ सावकाश साचला,
इथे नद्यांनी घाई केली.
खोली जुळत नाही, वेळ जुळते.
दोन आलेखांमधून मी पेन्सिलीची रेघ ओढते;
मधे एवढा समुद्र,
रेघ कोरडीच पोचते.

मग तीनशे नव्वदला परत एक.
वेरेंकरबाई म्हणाल्या, किड्याने वर ओढली असेल,
एकीच्या भरवशावर तारीख टाकू नये.
तारीख नाही टाकली.
तिला वेगळ्या डबीत ठेवली, का ते माहीत नाही.

वहीत लिहिले : शेवटचे दर्शन.
मरण म्हणत नाही आम्ही.
मेलेली नाहीच ती. आपल्या समुद्रातून गेली,
अटलांटिकात आजही तरंगते,
गुलाबीच.

एव्हारिस्त मार्चमध्ये लिस्बनला गेला,
आजोबाच्या जन्मदाखल्यावर.
हजेरीपटात पंधरापर्यंत सही,
खाली कोऱ्या चौकटी.
स्टूल त्याच्याच उंचीला आहे,
माझे पाय जमिनीला टेकत नाहीत.

काल त्याने किनाऱ्याचा फोटो पाठवला :
ह्या पाण्यात असतील का गो तुझ्या त्या?
मी दोन बोटांनी फोटो ताणला,
आणखी ताणला.
निळ्याचे चौकोन झाले.