शंभर ग्रॅममध्ये

राउसूच्या वृद्धाश्रमात दुपारचं ताट मी ठरवते.
माझ्या वहीत प्रत्येक घासाला रकाना आहे.

आज खेकड्याच्या कांड्या.
म्हणजे, खेकडा नाही;
वेष्टणावर मागच्या बाजूला तसं छापलेलं असतं,
ज्याचा चष्मा जागेवर असेल त्याच्यासाठी.
शंभर ग्रॅममध्ये
प्रथिनं साडेसात, खऱ्या खेकड्याच्या निम्म्याहूनही कमी,
पिष्ट आणि साखर मिळून पंधरा,
चरबी नावापुरती,
मीठ मात्र सढळ हातानं, दोन ग्रॅम.
म्हणून माणशी दोनच कांड्या
आणि सूप जवळजवळ अळणी.

निशिओका आजी लाल कड सोलून आधी खातात,
पांढरं मागे ठेवतात,
उद्यासाठी, असं म्हणतात.
रोज मला ते रुमालातून काढावं लागतं.

तोगाशीसान बोलत नाहीत.
त्यांची मी उभी चिरते, मग आडवी,
मग चमच्याच्या पाठीनं दाबते.
आज त्यांनी तो लगदा जिभेवर धरून ठेवला.
मी घशाकडे बघत होते, गिळतात की ठसकतात.
आणि थंडी सुरू झाल्यापासूनचा पहिला शब्द
आला:
"सुकेसो."

सुकेसो. आमच्या किनाऱ्यावरचा स्वस्त मासा.
जानेवारीत, बर्फ तरंगत यायच्या आत,
जाळ्यात मावायचा नाही इतका.
गाबोळी काढून घेतली की
उरलेला देह मातीमोल.
कारखान्यात तो धुतात. परत धुतात. परत.
रक्त जातं, तेल जातं, वास जातो,
जीवनसत्त्वंही त्याच पाण्यातून निघून जातात.
मग अंड्यातलं पांढरं, बटाट्याचं सत्त्व, साखर,
खेकड्याचा अर्क, थेंबभर,
आणि वरून लाल पट्टा.

एवढं सोंग चढवूनही
ज्या माणसानं चाळीस हिवाळे त्याला उपसलं
त्याच्या जिभेनं तो ओळखला.

"हो," मी म्हणाले, "पण आज तो खेकडा आहे."
ते हसले, डाव्या बाजूनं; उजवी आता हसत नाही.
म्हणाले, "बरं झालं. एकदा तरी."
आणि वाडगा पुढे सरकवला.

मी तिसरी कांडी चिरली.

वहीत लिहिलं:
तोगाशी, खोली सात. मीठ शून्य पूर्णांक तीन जास्त.
रात्रीच्या सूपातून वजा.