नळाला पाणी येण्याआधी

अकरावा अध्याय तीन रात्री अडलाय.
तबीथा दाराशी उभी, कडीवर हात.
बाहेर कोण आहे ते मला माहीत, तिला नाही.
जालन्यात आज पाण्याची पाळी, बाराव्या दिवशी.
मी जागीच.

मागं एका कार्यक्रमात एका पोरीनं विचारलं,
'मावशी, तुम्ही चर्चला जाणाऱ्या,
तुम्हाला खून कुठून सुचतात?'
मिशनच्या दवाखान्यात चौतीस वर्षं
रात्रपाळी केलेल्या बाईला हे विचारू नये.
'स्टोव्ह भडकला' म्हणणारी सासू असायची,
आणि पोलिसांनी आणलेल्या स्टोव्हला साधा पोचाही नसायचा.
मी रजिस्टरात वेळ लिहायची: दोन वाजून दहा.
तेवढंच लिहायची परवानगी होती.
बाकीचं आता लिहिते.

प्रेम कुठून, असं मात्र कुणी विचारत नाही.
एक्स-रेच्या खोलीत अबनेर शिनगारे होता.
अबोल. बोटांना कायम हायपोचा वास.
एकदा स्वतःच्या छातीची फिल्म
ओली असतानाच माझ्या हातात दिली,
खिडकीशी धरायला लावली.
'बघा सिस्टर, इथं कोण दिसायलंय?'
मी पाहिलं. वरच्या अंगाला
रुपयाएवढी सावली.
'ही मी नाही,' म्हटलं. 'हा टीबी आहे.'

अठरा महिने.
सुई मीच टोचायची.
भिंतीकडे तोंड करून तो विचारायचा,
'शेवट माहीत आहे का तुला?'
मी म्हणायची, हलू नको.
पान उलटल्याशिवाय राहवत नाही
आणि उलटायला हात धजत नाही,
हे तिथं शिकले, कोपऱ्यातल्या लोखंडी स्टुलावर.

पाळकसाहेब माझं सगळं वाचतात,
वर्तमानपत्राचं कव्हर घालून.
'बेचाळिसाव्या पानावर त्याचा हात जरा रेंगाळलाय,' म्हणतात,
'आणि खुनी शेवटी रडेल ना?'
खुन्यासाठी मी प्रार्थना करते, खरंच करते,
नाव घेऊन. नाव मीच ठेवलेलं असतं.
कधी कधी ती ऐकली जाते,
दुसऱ्या सकाळी त्याच्या हातून सुरी गळून पडते
आणि प्रकाशक फोनवर ओरडतो,
'मॅडम, क्षमा एकोणिसाव्या अध्यायात ठेवा,
अकराव्यात कशाला?'

खिडकीबाहेर आभाळ तांबडं.
पहाट नव्हे, एमआयडीसीत लोखंड वितळायलंय.
दोरीवरच्या पांढऱ्या साडीवर सकाळी काजळी असेल.
तबीथाच्या साडीवर मी ती कधीच घातली नाही.
चुकलंच. पदरावर बोटभर काजळी, समासात.

दोन वाजले. नळातून आधी हवा येते.
शिट्टी, मग घरघर, मग काहीच नाही.
हे काहीच नाही मी मोजलंय:
कधी चाळीस सेकंद, कधी पाळीच रद्द.
गल्लीभर बायका बादल्या धरून, श्वास धरून.
पुस्तकाच्या मागे छापतात, 'उत्कंठावर्धक'.
मी काय केलं? नळाचं ऐकलं.

थांब, म्हटलं तबीथाला, कडी काढू नकोस,
दोन पिंपं भरून येते.
समोरच्या ओट्यावरून शहनाज विचारते,
'आज कोण मेलं, सिस्टर?'
'अजून कोणी नाही.'
पाणी येतं, आधी गढूळ.

ओल्या हातांनी परत आले.
वही उघडी, पेन आडवं.
वाक्य तिच्या हातापाशी तसंच थांबलेलं,
कडी मात्र जराशी सरकल्यासारखी.

अबनेरला मी शेवट कधी सांगितला नाही.
मला माहीत नव्हता.
तो एकतीस वर्षं जगला नंतर, या भरवशावर
की मी लपवतेय.