पाण्याचं घ्या, मॅडम

औशाहून लातूर वीस किलोमीटर.
ओळखीच्या नजरा मागं टाकायला
एवढं पुरेल, असं वाटलं होतं मला.

गंजगोलाईत उतरले. तोंडाला स्कार्फ, चष्मा पर्समध्ये.
पहिल्या मेडिकलात चुलत नणंदेचे यजमान,
दुसऱ्यात गर्दी,
तिसऱ्यात पांढऱ्या कोटातली एकटी पोरगी.
म्हणाले, डोकेदुखीची गोळी द्या.
मग म्हणाले, चिकटपट्टी.
मग म्हणाले, बोरिक पावडर,
आणि ती म्हणाली,
"भातांब्रे मॅडम ना? मी आफरीन."

चौथी ब. खिडकीकडचा बाक.
जोडाक्षर आलं की अडखळायची,
"स्त्री" लिहिताना पाटीवर रडलेली आफरीन.

आता तिच्याशी काय लपवायचं!
हळूच सांगितलं :
चव्वेचाळीसावं चालू आहे, कोरडं पडतं, दुखतं.
आमचे हे बिचारे थांबतात,
मग दोघं पंख्याचा आवाज ऐकत पडतो.
परवा करडईचं तेल घेतलं वाटीत...
"तेल नको," ती मधेच. "निरोध वापरता ना?"
वापरतो. पाळी अजून पुरती गेली कुठं.
"तेलानं रबर कमजोर होतं, फाटतं.
खोबरेल नको, व्हॅसलीन नको, तूप तर नकोच."

कापसाच्या गुंडाळ्यांच्या आडोशाला
तिनं खोकी मांडली : स्ट्रॉबेरी, चॉकलेट, पान, आंबा.
मी म्हटलं, स्ट्रॉबेरी आमच्या बालाघाटात कुणी लावली गं?
सीताफळाचं नाही का?
दोघी हसलो, गिऱ्हाईक आलं,
दोघी गप्प.
त्याला खोकल्याचं औषध मिळालं, तो गेला.

मग तिनं खोकं उलटं केलं.
मुंगीएवढी अक्षरं, अन् माझा चष्मा पर्सच्या तळाशी.
तीच वाचू लागली :
ग्लिसरीन. प्रोपिलीन ग्लायकॉल. स्वीटनर.
एकाही जोडाक्षराला अडली नाही.

"चवीचं ते जिभेपुरतं, बाहेरच्या बाहेर.
नंतर धुवून टाकायचं.
गोडाचा अंश आत राहिला की काहींना बुरशी धरते,
खाज सुटते.
आतल्यासाठी हे दुसरं,
बिनवासाचं, बिनचवीचं.
गरम-थंड वाटेल असं लिहिलेलं तर हातात घेऊच नका.
पाण्याचं घ्या, मॅडम."

पाण्याचं घ्या.
ज्या गावाला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आलं
त्या गावात उभी राहून सांगत होती पोरगी,
आणि मला हसू येईना, रडू येईना.

सील बघितलं तिनं. तारीख बघितली.
"आधी कोपराच्या आत एक थेंब, एक दिवस थांबा.
लाल झालं तर फेकून द्या, पैशाकडं बघू नका.
वापरताना आग झाली तर साध्या पाण्यानं धुवा,
थांबली नाही तर डॉक्टरीणबाई.
आणि हा कोरडेपणा त्यांना तसाही दाखवा,
त्याला वेगळं मलम असतं."
कागदात गुंडाळलं. दोरा नाही मारला.
बोरिक पावडर मात्र परत ठेवून घेतली,
"ही तुम्हाला नकोच होती."

रात्री नागनाथनं दोन्ही ट्यूबा
बियाण्याच्या पिशवीसारख्या फिरवून बघितल्या.
आंब्याचं झाकण उघडून हुंगलं,
"ह्यो आंबा न्हाई. आंब्याची गोळी हाय."
मी माझ्या कोपराला थेंब लावला.
त्यानं बाही वर सारली, "मलाबी लाव."
दोघं हात उताणे ठेवून बसलो,
बातम्या संपेपर्यंत,
मेहंदी वाळायची वाट बघणाऱ्या पोरींसारखे.

दुसऱ्या रात्री पंख्याचा आवाज
कुणी ऐकला नाही.

सोमवारी चौथीला जोडाक्षरं होती.
"स्त्री" लिहिलं फळ्यावर, मोठं.
मागच्या बाकावरची एक अडकली, स... त... म्हणत.
थांबले मी.
येईल गं. घाई नाही.